विटाळाची गोळी

श्रावण आला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांत एक प्रश्न हमखास उगवतो. “गौरी-गणपतीत माझी पाळी येणार आहे. पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली तर चालेल का?” खाली कोणा डॉक्टर बाईंचे उत्तर असते: गोळी सुरक्षित आहे, मात्र वारंवार घेऊ नये, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दहा-बारा ओळींत प्रश्न मिटतो. बाई गोळी घेते, गौरी जेवतात, विसर्जन होते आणि पुढच्या श्रावणात तोच प्रश्न पुन्हा छापला जातो.

हा मजकूर साहित्य नव्हे, तेव्हा समीक्षकाने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. कथा-कविता जितकी माणसे वाचतात त्याहून कितीतरी अधिक बाया हा मजकूर वाचतात आणि त्याप्रमाणे वागतात. समाजाची मूल्यव्यवस्था ग्रंथांत सापडते तशी अशा दहा ओळींतही सापडते. किंबहुना इथे ती अधिक उघडी असते, कारण आपण काही मूल्य सांगतो आहोत याचे भान लिहिणाऱ्यालाही नसते. या प्रश्नोत्तराची चिकित्सा मला करायची आहे. त्यात ‘सुरक्षित’ हा शब्द येतो. सुरक्षित म्हणजे कशापासून, आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

प्रथम शरीराचे सांगते, कारण शरीराची माहिती टाळून केलेली क्रांतीची भाषा पोकळ असते.

या गोळीतील औषधाचे नाव नॉरएथिस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉन या स्त्रीशरीरातील संप्रेरकासारखे काम करणारे हे कृत्रिम द्रव्य. महिन्याच्या शेवटी शरीरातील प्रोजेस्टेरॉन घटते, गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि पाळी येते. बाहेरून औषध देऊन ही घट होऊ दिली नाही, तर अस्तर टिकून राहते. एवढीच त्याची किमया. सामान्यपणे पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेतात. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. निरोगी बाईने डॉक्टरला विचारून क्वचित कधी, थोडे दिवस ही गोळी घेतली, तर बहुधा काही बिघडत नाही. मळमळ, डोकेदुखी, पोट फुगणे, स्तन दुखणे, मधेच रक्ताचे डाग दिसणे हे त्रास होतात आणि जातात. या गोळीने मूल होण्याची शक्ती जात नाही. या गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक नव्हेत, हेही अनेकींना ठाऊक नसते.

पण ‘बहुधा’ या शब्दाच्या पोटात काही बायांचा जीव असतो. या औषधाचा काही अंश शरीरात इथिनिलइस्ट्रॅडिऑल या दुसऱ्या संप्रेरकात बदलतो, आणि रोज पंधरा मिलिग्रॅम घेणाऱ्या बाईच्या बाबतीत हा अंश नगण्य नसतो. गर्भनिरोधक मिश्रगोळीतून मिळतो तेवढ्याच्या जवळपास जातो. हे द्रव्य रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात गेली, तर माणूस दगावू शकतो. म्हणून जिला किंवा जिच्या आई-बहिणीला अशी गुठळी झालेली आहे, जिला यकृताचा विकार आहे, स्तनाचा कर्करोग झालेला आहे, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते, अंगावरून जाणाऱ्या रक्ताचे कारण कळलेले नाही, जी नुकती बाळंत झाली आहे किंवा जिला दिवस गेले असण्याची शंका आहे, तिने ही गोळी आपल्या मनाने घेऊ नये. अंगाने फार जाड, पस्तिशीपुढची धूम्रपान करणारी, किंवा शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेली बाई यांनाही हा धोका अधिक. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेलचा आजार आढळतो. त्या आजारातच रक्त गोठण्याचा धोका वाढलेला असतो. तिथे गोळीआधी डॉक्टरला तो आजार सांगितलाच पाहिजे. क्षयावरील रिफॅम्पिसिन सुरू असेल, तर या गोळीचा परिणाम कमी होतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, दम लागला, छातीत कळ आली किंवा अचानक असह्य डोके दुखू लागले, तर गोळी थांबवून त्याच घडीला दवाखाना गाठावा. २०२५ साली रक्तवाहिन्यांच्या एका शल्यचिकित्सकाने घरच्या पूजेसाठी अशा गोळ्या घेतलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची हकिकत जाहीरपणे सांगितली आणि देशभर खळबळ झाली. एका हकिकतीवरून शास्त्र ठरत नाही, असे मृत्यू विरळाच. पण ती मुलगी आजारी नव्हती आणि ते औषध कोणत्याही दुखण्यावरचे नव्हते, ही गोष्ट विसरता येत नाही.

यातले एकूण एक प्रश्न डॉक्टरने विचारायचे असतात. ते कोण विचारतो?

माझी भाची डोंबिवलीत चार घरी पोळीभाजीची कामे करते. कल्याण पूर्वेहून सकाळची गाडी पकडते. गेल्या वर्षी गौरीच्या आठवड्यात तिच्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी दिसली. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचे हे औषध, पण एका दुकानात नाव सांगितले आणि ते मिळाले. दुकानदाराने एवढेच विचारले, “किती दिवसांच्या देऊ?” तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, बाळंतपणानंतर पायात गुठळी होऊन महिनाभर इस्पितळात राहावे लागले होते. हे तिला कोणी विचारले नाही, आणि सांगायचे असते हे तिला माहीत नव्हते. मी रागावले तेव्हा ती म्हणाली, “मावशी, तारीख विचारूनच कामाला ठेवलंय त्यांनी. चार दिवस खाडा झाला की दुसरी बाई बघतात. एकदा गेलेलं घर परत मिळत नाही.” थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “आणि आडनाव तरी कुठं खरं सांगितलंय मी?”

सुदैवाने तिला काही झाले नाही. पण तिचे ते दुसरे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्या स्वयंपाकघरात शिरण्यासाठी तिला दोन गोष्टी लपवाव्या लागतात: एक जात, दुसरी पाळी. जात लपवायला खोटे आडनाव पुरते. पाळी लपवायला गोळी लागते. महिला पुरवणीतल्या डॉक्टर बाईंना प्रश्न विचारणारी बाई घरची सून असते. तिची समस्या नैवेद्याची. माझ्या भाचीची समस्या पगाराची. गोळी एकच, पण सुनेला ती पूजेत बसवते आणि मोलकरणीला ती कामावर टिकवते. महिला पुरवणीला ही दुसरी बाई दिसतच नाही.

ही एका घराची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यात हवामान खात्यातील एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईविरुद्ध पोलिसांत तक्रार नोंदवली. गौरी-गणपतीचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक करण्यासाठी तिने आपण ब्राह्मण आणि सुवासिनी असल्याचे खोटेच सांगितले, ही तक्रार. ती बाई मराठा होती, आणि पतीच्या मागे जगत होती. पुढे तक्रार मागे घेतली गेली. पण आकाशातल्या ढगांचा हिशेब शास्त्राने मांडणाऱ्या खात्यातल्या विदुषीला स्वयंपाकघरातला विटाळ मात्र शास्त्राबाहेर ठेवता आला, हे सत्य मागे घेता येत नाही. विज्ञानाची पदवी आणि वैज्ञानिक दृष्टी या दोन निराळ्या चिजा आहेत. पाळीची गोळी हे याचेच दुसरे उदाहरण: विज्ञानाने निर्माण केलेले औषध विज्ञानाच्या विरुद्ध उभ्या असलेल्या समजुतीची चाकरी करते.

ही समजूत कुठून आली? इथे आपल्याला मनुस्मृतीकडे वळावे लागते. पाचव्या अध्यायातील पंच्याऐंशीव्या श्लोकात कोणाला शिवल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे याची यादी आहे. तीत चांडाळ आहे, पतित आहे, बाळंतीण आहे, प्रेत आहे, आणि रजस्वला आहे. तिसऱ्या अध्यायाच्या दोनशे एकोणचाळिसाव्या श्लोकात ब्राह्मण जेवत असताना त्यांच्याकडे कोणी पाहू नये हे सांगितले आहे. तिथे चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा यांच्या रांगेत पुन्हा रजस्वला आहे. अस्पृश्यता आणि पाळीचा विटाळ ही दोन दुखणी नसून एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत, याचा याहून थेट पुरावा कोणता? मराठी भाषेने हे नाते इमानाने जपले आहे. महाराच्या सावलीचाही ‘विटाळ’ आणि बाईच्या रक्ताचाही ‘विटाळ’. ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आली’ असे पडदे या शब्दावर टाकले गेले, पण मूळ शब्द तोच राहिला. सोयराबाई आणि चोखोबा यांनी सहा-सातशे वर्षांपूर्वी विटाळाच्या या कल्पनेलाच प्रश्न घातला होता. आपले संत त्यांचे अभंग म्हणत राहिले आणि आपली घरे विटाळ पाळत राहिली.

२८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शबरीमलाचा निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी पाळीवरून स्त्रियांना दूर ठेवणे हे संविधानाच्या सतराव्या कलमातील अस्पृश्यताच होय, अशी मांडणी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात केली. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी विरुद्ध मत दिले. सतरावे कलम जातीच्या अस्पृश्यतेपुरते आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे २०१९ साली त्यातले मुद्दे मोठ्या पीठाकडे गेले. मला चंद्रचूड यांची मांडणी मोलाची वाटते, पण ती आपण डोळे झाकून स्वीकारू नये. सवर्ण बाई महिन्यातले चार दिवस अस्पृश्य असते आणि पाचव्या दिवशी न्हाऊन स्पृश्य होते. दलित बाईला पाचवा दिवस नसतो. त्या चार दिवसांत सवर्ण बाई जिच्या हातचे पाणी पीत नाही, ती बारा महिने तेरा काळ विटाळच असते. दोन्ही अस्पृश्यतांचे मूळ एक, पण ओझे एक नव्हे. हा भेद पुसला, तर ‘आम्हीही दलितच’ असे म्हणत सगळे स्त्रीदुःख एका ओळीत बसवण्याची सोय होते, आणि माझ्या भाचीचे आडनाव पुन्हा लपून जाते.

आता आमच्याच घरात डोकावू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला नकार आहे. तरी ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या आमच्या वस्त्यांत, ‘शेजाऱ्यांत वाईट दिसतं’ म्हणून, गोळ्या खाऊन आरतीला उभ्या राहणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. ‘अडचण आहे, वंदनेला बसू का?’ असे विहारात विचारणाऱ्याही पाहिल्या आहेत. बुद्धाच्या धम्मात या विचारण्याला जागा नाही, पण मनुस्मृती मनातून जाळणे महाडच्या चितेवर जाळण्याहून अवघड आहे. एक कागदाची होती, दुसरी संस्कारांची आहे.

मात्र गोळी घेणाऱ्या सगळ्याच बायांना एका काठीने हाकणे अन्यायाचे होईल. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी बाई दूर गावाहून रात्रभर गाडीत उभी असते, मग तासन्‌तास रांगेत उभी राहते. बदलायला आडोसा मिळण्याची खात्री नाही, स्वच्छतागृहासमोर पुन्हा रांग. ती जर गोळी घेत असेल, तर तिच्या मनात विटाळ नाही. तिच्यापुढे संडासाचा प्रश्न आहे. परीक्षेला बसणारी मुलगी, पोलीस भरतीत धावणारी मुलगी, फार दुखणाऱ्या पाळीने हैराण झालेली बाई यांनी डॉक्टरला विचारून गोळी घेतली, तर ते त्यांचे स्वातंत्र्य आहे आणि त्याबद्दल त्यांना कोणी बोल लावू नये. माझा विरोध गोळीला नाही. गोळी बाईच्या सोयीसाठी की विटाळाच्या, एवढेच मी विचारते आहे.

गोळीला विरोध करणाऱ्या सनातनी मंडळींचा युक्तिवादही तपासला पाहिजे. ‘घाण रक्त अंगात साठून राहतं’ असे ते सांगतात. हे साफ खोटे आहे. पाळीचे रक्त घाण नसते. गर्भ वाढवण्यासाठी केलेली ती तयारी असते, आणि गोळीने ते कुठे साठत नाही. म्हणजे गोळी घ्या म्हणणारा विटाळ मानतो, आणि घेऊ नका म्हणणाराही विटाळच मानतो. दोघांच्या भांडणात बाईच्या रक्तवाहिन्यांची चिंता कोणालाच नाही.

गोळीच्या पुढची पायरी बीड जिल्ह्याने दाखवली. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाची उचल फेडायची असते; एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीचे दिवस, पांढरे जाणे, ओटीपोटाचे दुखणे, उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी. मग तिशीही न ओलांडलेल्या बायांची गर्भाशयेच काढली गेली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा जणींत एक. डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात ‘खाडा’ हा शब्द ऐकला तेव्हा मला बीडचा फड आठवला. एकीकडे देवासाठी पाळी थांबवायची, दुसरीकडे कारखान्यासाठी. एकीकडे दहा दिवसांची गोळी, दुसरीकडे कायमची सुरी. शरीर मात्र दोन्हीकडे राबणाऱ्या बाईचेच.

या औषधाला स्वतःचाही इतिहास आहे. मेक्सिको शहरात १९५१ साली सिन्टेक्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत लुइस मिरामोन्तेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या हातून ते प्रथम तयार झाले. कच्चा माल रानटी कंदाचा. पुढे त्याच द्रव्याचे लांब मुदतीचे इंजेक्शन, ‘नेट-एन’, भारतात आले. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरू येथे गोरगरीब बायांवर त्याच्या चाचण्या करण्याचे घाटत असता, हा प्रयोग आहे आणि त्यात धोका आहे, हे त्यांना नीट सांगितलेच गेले नव्हते. स्त्री शक्ती संघटना, सहेली आदी संघटनांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. म्हणजे जे औषध गरीब बाईला न सांगता टोचायला निघाले होते, तेच आज तिला न विचारता विकले जाते. सांगणे आणि विचारणे या दोनच गोष्टींना आरोग्यव्यवस्थेत गरिबाच्या वाट्याला जागा नसते.

कल्याणच्या मातीत हा विचार करताना आनंदीबाई जोशी आठवणे अपरिहार्य आहे. याच कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. तिच्या जिद्दीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तिच्या एकतीस वर्षे आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीने ‘ज्ञानोदया’त लिहिलेल्या निबंधात बाळंत होणाऱ्या आमच्या बायांच्या डोक्यावर छप्परही नसते, आजारी पडल्या तर वैद्याला द्यायला पैसा नसतो, हे लिहून ठेवले होते. मराठीत स्त्रीच्या शरीराचा आणि औषधाचा सामाजिक विचार इथे सुरू होतो, असे मी मानते. पाठ्यपुस्तकांत आनंदीबाई आहेत; मुक्ताच्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून बाकी आहे.

आमच्या साहित्यालाही जाब विचारला पाहिजे. ‘बलुतं’पासून पुढे आलेल्या पुरुषांच्या आत्मकथनांत आई आहे, तिची भूक आहे, तिचे राबणे आहे, तिची पाळी मध्यवर्ती विषय झाली नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने महारवाड्यातल्या बाळंतिणीचे हाल आणि हिंदू रूढींनी पोखरलेली आमची मने निर्भयपणे दाखवली, उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ने बाईच्या देहाबद्दल मोकळेपणाने बोलण्याची वाट केली. त्या वाटेने पुढे जायचे तर आता लोकलच्या महिला डब्यातल्या, पर्समध्ये पट्टी बाळगणाऱ्या बाईपर्यंत आपण पोहोचले पाहिजे. पाळीवरचे मौन माणसे मारते, याची साक्ष आमचा ठाणे जिल्हाच देतो. मे २०२३ मध्ये उल्हासनगरात बारा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवर पहिल्या पाळीचे डाग पाहून तिच्या भावाने भलताच संशय घेतला आणि तिला मारमारून ठार केले. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्त दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली; मुख्याध्यापिकेला अटक झाली. एक जण अशिक्षितासारखा वागला म्हणावे, तर दुसरी शिक्षणसंस्थेची प्रमुख होती.

बाबासाहेबांनी र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ची बाजू १९३४ साली कोर्टात मांडली, ती लैंगिक ज्ञान अश्लील नसते या भूमिकेतून. १९३८ साली मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी मांडलेल्या संततिनियमनाच्या ठरावामागे त्यांचाच विचार होता. सभागृहाने तो नामंजूर केला. स्त्रीच्या शरीराचे ज्ञान स्त्रीच्या हाती असावे, ही आमच्या चळवळीची जुनी भूमिका आहे, कोणाकडून उसनी आणलेली नव्हे.

म्हणून महिला पुरवणीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. बाई, गोळी तुझ्या गरजेसाठी घेणार असशील तर डॉक्टरकडे जा. आपला आणि आईचा आजार सांग, चिठ्ठी घे, पोटरी दुखली तर थांब. देवासाठी घेणार असशील, तर तुझ्या रक्ताने विटाळणारा देव आणि आमच्या सावलीने विटाळणारा देव एकच आहे, हे ध्यानात घे. आणि कामावरून काढतील म्हणून घेणार असशील, तर तो प्रश्न एकटीने औषधाच्या दुकानात सोडवण्याचा नाही. त्यासाठी घरकामगार बायांची संघटना हवी, भरपगारी सुटी हवी, आणि खरे आडनाव सांगून कामाला जाता येईल असे शहर हवे.

माझ्या भाचीला मी या श्रावणात दवाखान्यात नेणार आहे. डॉक्टर गोळी नको म्हणाले, तर तिचे एक घर सुटेल. ते सुटू नये यासाठी काय करायचे, याचे उत्तर माझ्या एकटीपाशी नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून शोधायचे आहे.